चेक लाईट लागला की आधी वायर बघा, सेन्सर नंतर

नंदुरबार : चांदसैली घाट असो, मोलगीकडचा देवगोई घाट असो की तोरणमाळची सातपायरी, बीएस-६ डिझेल गाडी चालवणाऱ्यांची एक तक्रार आता सारखी कानावर येते. चढावर मीटरमध्ये पिवळा दिवा लागतो, गाडी पिकअप सोडते, ॲक्सिलेटर कितीही दाबला तरी ठरावीक आरपीएमच्या वर जात नाही. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला जातो, स्क्रीनवर एखाद्या सेन्सरचे नाव येते आणि तिथेच निकाल लागतो : "सेन्सर गेला, नवा टाकावा लागेल." नवा सेन्सर येईपर्यंत गाडी उभी, हप्ता मात्र चालू. नवा बसवला की दोन-चार दिवस बरे जातात, मग पुन्हा तोच दिवा. शेवटी कोणीतरी शहाणपण शिकवतो, "सायलेन्सरमधली जाळीच काढून टाक भाऊ, कटकटच मिटेल."

हे दोन्ही सल्ले बऱ्याचदा मालकाला खड्ड्यात घालतात. स्कॅनर कोणता भाग मेला ते सांगत नाही, कोणत्या भागाकडून तक्रार आली तेवढेच सांगतो. ताप आला म्हणून कोणी थर्मामीटर बदलत नाही. गाडीच्या बाबतीत मात्र सर्रास तेच चालते, आणि पैसे जातात ते पिकअप किंवा जीपवर घर चालवणाऱ्याचे.

२०२० नंतर गाडीत काय आले

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑक्टोबर २०१८ ला निकाल दिला आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-४ गाड्यांची विक्री बंद झाली. मधला बीएस-५ चा टप्पा भारताने सरळ ओलांडला. डिझेल कारच्या धुरातल्या कणांची मर्यादा किलोमीटरमागे ०.०२५ ग्रॅमवरून ०.००४५ ग्रॅमवर आली, तर नायट्रोजनच्या विषारी वायूंची, म्हणजे नॉक्सची, ०.२५ वरून ०.०८ वर. एवढी मोठी घट नुसत्या इंजिनच्या सेटिंगवर होत नाही. म्हणून सायलेन्सरच्या पाईपात एक छोटा कारखानाच उभा राहिला.

इंजिनातून निघालेला धूर आधी कॅटॅलिस्टमधून जातो. मग येते डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी सिरॅमिकची गाळणी. गॅरेजच्या भाषेत तीच जाळी. बऱ्याच गाड्यांत याशिवाय युरियाचे पाणी फवारून नॉक्स मारणारी एससीआर यंत्रणा असते. या सगळ्यावर पहारा ठेवतात ते सेन्सर : तापमान मोजणारे दोन-तीन, गाळणीच्या आधीचा आणि नंतरचा दाब यातला फरक मोजणारा एक, आणि एससीआर असेल तर नॉक्स मोजणारे. एप्रिल २०२३ पासून बीएस-६ चा दुसरा टप्पा आला. त्यात गाडीच्या कॉम्प्युटरने ही यंत्रणा रस्त्यावर चालता चालता तपासत राहण्याची अट आणखी कडक झाली. म्हणजे नवी गाडी जास्त 'नाटकं' करते असे जे बोलले जाते, त्यात थोडे तथ्य आहे. जुनी जीप धूर ओकत चालत राहायची, नवी गाडी तक्रार नोंदवते.

सातपुड्यात जाळी लवकर का भरते

गाळणीत साठलेली काजळी गाडीलाच जाळावी लागते. त्यासाठी इंजिन थोडे जास्तीचे डिझेल सोडते, गाळणीचे तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत जाते आणि काजळी जळून जाते. यालाच रिजनरेशन किंवा 'रिजन' म्हणतात. पण त्यासाठी इंजिन पूर्ण गरम हवे, वेग टिकून हवा आणि पंधरा-वीस मिनिटे गाडी थांबता कामा नये.

आता धडगाव किंवा मोलगी भागातल्या प्रवासी गाडीचा दिवस बघा. पाड्यापाड्यावर थांबायचे, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढायचा, उतारावर ब्रेक, स्टँडवर प्रवासी भरेपर्यंत इंजिन चालू. भाजीपाला किंवा ऊसतोडीची माणसे घेऊन जाणाऱ्या पिकअपवर बहुतेक वेळा क्षमतेपेक्षा जास्त लोड. रिजन सुरू होते आणि अर्ध्यावर तुटते. पुन्हा सुरू होते, पुन्हा तुटते.

त्यात आणखी एक सवय भर घालते, जिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही : दोनशे-तीनशेचे डिझेल टाकून फेरी मारणे. टाकी रिझर्व्हला असली की बऱ्याच गाड्यांत कॉम्प्युटर रिजन सुरूच करत नाही. खिशाला परवडते म्हणून थोडे थोडे डिझेल टाकणारा मालक नकळत गाळणी भरत असतो. जाळीचा दिवा लागलेला असताना तरी टाकी निम्मी भरून ठेवावी.

अर्धवट तुटलेल्या रिजनचा दुसरा परिणाम ऑईलवर होतो. जास्तीचे सोडलेले डिझेल पूर्ण जळत नाही, थोडे सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑईलमध्ये उतरते. डिपस्टिकवर ऑईलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर ऑईल लगेच बदलावे. पातळ झालेल्या ऑईलवर घाट चढवला तर टर्बो आणि बेअरिंगवर पाळी येते, आणि ते बिल कोणत्याही सेन्सरपेक्षा मोठे असते.

उपाय साधा आहे, फक्त त्यासाठी रस्ता हवा. जाळीचा दिवा नुसता पेटलेला असेल आणि गाडीने ताकद सोडली नसेल, तर शहादा–प्रकाशा–तळोदा रस्त्यावर किंवा विसरवाडी–नवापूर महामार्गावर गाडी न थांबवता पन्नास-साठच्या वेगाने वीस-पंचवीस मिनिटे चालवावी, गिअर एक कमी ठेवून. बऱ्याच वेळा दिवा आपोआप विझतो. काही गाड्यांत उभ्या जागी रिजन करण्यासाठी बटणही असते, ते आपल्या गाडीत आहे का हे मालक-पुस्तिकेत दिलेले असते.

रिजन चालू असताना आरपीएम थोडा वाढलेला असतो, गाडी बंद केली तरी पंखा फिरत राहतो, जळका वास येतो. अशा वेळी गाडी वाळलेल्या गवतावर, उसाच्या पाचटावर किंवा मक्याच्या कडब्याजवळ उभी करू नये. खालचा पाईप इतका तापलेला असतो की ठिणगी लागतच नाही, गवत नुसत्या उष्णतेने पेट घेते. उन्हाळ्यात शेताच्या बांधावर गाडी लावणाऱ्यांनी हे विसरू नये.

स्कॅनरवर नाव आले, पुढे काय

समजा कोड आला तापमान सेन्सरचा. पी-०५४४ ते पी-०५४६ हे कोड त्याच कुळातले. कोडच्या वर्णनात 'सर्किट' हा शब्द आहे का ते आधी बघावे. सर्किट म्हणजे सेन्सर, त्याची वायर, कनेक्टर आणि कॉम्प्युटरपर्यंतचा सगळा रस्ता. यातला सर्वात कच्चा दुवा वायर असतो. गाडी गोठ्याजवळ, धान्याच्या खोलीजवळ उभी असेल तर उंदीर वायर कुरतडतो. खडीच्या रस्त्यावर हार्नेस निसटून गरम पाईपला टेकतो आणि वितळतो. वॉशिंग सेंटरवर प्रेशरने पाणी मारले की कनेक्टरमध्ये ओल शिरते आणि पिना हिरव्या पडतात. यातली कोणतीही गोष्ट नवा सेन्सर घेऊन सुटत नाही. उलट नवा बसवताना वायर हलते, तात्पुरता जोड लागतो आणि चार दिवसांनी पुन्हा सुटतो. दिवा परत लागण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

यासाठीची तपासणी पहाटेची आहे आणि तिला खर्च नाही. गाडी रात्रभर उभी राहू द्यावी. सकाळी इंजिन सुरू न करता नुसती किल्ली ऑन करून स्कॅनरवर सगळ्या तापमान सेन्सरचे चालू आकडे बघावेत. बाहेर २० अंश असेल तर सगळ्यांनी २० च्या आसपासच दाखवले पाहिजे, थोडा फरक चालतो. एखादा उणे ४० किंवा थेट ९००-१००० दाखवत असेल तर तिथे वायर तुटली आहे, शॉर्ट आहे किंवा सेन्सर आतून गेला आहे. मग कनेक्टर काढून मल्टिमीटरने सेन्सर मोजायचा. काही गाड्यांत येणाऱ्या प्लॅटिनम जातीच्या सेन्सरचा रेझिस्टन्स शून्य अंशाला २०० ओहम आणि २५ अंशाला साधारण २२० ओहम असतो. दुसऱ्या जातीचे आकडे एकदम वेगळे, म्हणून त्या गाडीचा तक्ता फिटरकडे हवाच. सेन्सरचा आकडा बरोबर आला तर सेन्सर निर्दोष, चोर वायरमध्ये आहे. आकडाच येत नसेल तर सेन्सर खरोखर गेला, तो खुशाल बदलावा.

पण म्हणून दिव्याकडे दुर्लक्ष करून फिरत राहणे हाही शहाणपणा नाही. तापमान नीट कळत नसेल तर कॉम्प्युटर सुरक्षेसाठी रिजनच बंद ठेवतो. काजळी साठतच राहते. मग पी-२४६३ सारखा 'काजळी जास्त' असा कोड येतो, गाडी ताकद सोडते आणि काही रुपयांच्या वायरीचे प्रकरण गाळणीच्या बिलापर्यंत जाते. एका तुटक्या वायरीपायी लाखाच्या घरातला भाग बदलण्याची वेळ येऊ शकते.

दाबाच्या सेन्सरची गोष्ट आणखी सोपी. त्याला दोन बारीक नळ्या येतात, एक गाळणीच्या आधीची, दुसरी नंतरची. इंजिन बंद आणि किल्ली ऑन असताना त्याने शून्य किंवा शून्याच्या अगदी जवळ दाखवायला हवे. इंजिन बंद असतानाही तो दाब दाखवत असेल तर सेन्सर खोटे बोलतोय. सुरू केल्यावर आयडलिंगला आकडा थोडा वाढतो, रेस दिली की चढतो, सोडली की उतरतो. रेस देऊनही चढत नसेल तर पुढची नळी फाटलेली, निसटलेली किंवा काजळीने बंद झालेली असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी कॉम्प्युटरला वाटते गाळणी रिकामी आहे, आणि ती भरत जाते. रबरी नळी बदलणे हे किरकोळ काम आहे. नळीत हवा मारायची असेल तर ती सेन्सरवरून काढून पाईपाच्या दिशेने मारावी. कॉम्प्रेसरची हवा सेन्सरच्या तोंडात गेली की चांगला सेन्सरही जागीच संपतो.

आकडा आयडलिंगलाच खूप वर असेल तर गाळणी खरोखर तुंबली आहे. इथेही थांबून विचारायचे : कशाने? काजळीने की राखेने? काजळी जळते, राख जळत नाही. राख येते इंजिन ऑईलमधून. डीपीएफच्या गाडीला कमी राखेचे, 'लो-सॅप्स' ऑईल लागते आणि त्याचा ग्रेड मालक-पुस्तिकेत लिहिलेला असतो. ट्रॅक्टरसाठी आणलेल्या कॅनमधले उरलेले ऑईल बोलेरोत किंवा पिकअपमध्ये टाकायचे, हा घरगुती काटकसरीचा प्रकार बीएस-६ गाडीत महागात पडतो. राखेने भरलेली गाळणी कितीही रिजन केले तरी मोकळी होत नाही, काढून धुवावी लागते किंवा बदलावी लागते.

आणि काजळीनेच भरली असेल तर एवढी काजळी आली कुठून? टर्बोचा फाटलेला होज, गळका इंजेक्टर, अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह, धुळीने गच्च झालेला एअर फिल्टर. खडीच्या रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याने एअर फिल्टर कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरच्या आधीच बदलायला हवा. जाळी धुऊन आणली आणि महिन्याभरात परत भरली, तर दोष जाळीत नाही, इंजिनात आहे. इंजिन नीट गरमच होत नसेल, म्हणजे थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल, तरीही रिजन होत नाही. ही बारीक गोष्ट चांगल्या चांगल्या फिटरच्या नजरेतून सुटते.

एक राहिलेच. नवा सेन्सर किंवा नवी गाळणी बसवली की स्कॅनरमधून कॉम्प्युटरला तसे सांगावे लागते, जुन्या नोंदी पुसाव्या लागतात. ऑनलाईन मिळणारे हजाराच्या आतले ब्लूटूथ स्कॅनर कोड वाचतात आणि पुसतात, पण हे काम बहुतेकांना जमत नाही. कोड पुसला म्हणजे बिघाड गेला असे नाही.

पोत्यातला युरिया टाकीत नको

ज्या गाड्यांना डीईएफ लागते त्यांच्या मालकांसाठी हा वेगळा इशारा. डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी खनिजरहित पाणी. 'युरियाच आहे ना' म्हणून खताच्या गोणीतला युरिया बोअरच्या पाण्यात विरघळवून टाकण्याची कल्पना खेड्यात सुचणे साहजिक आहे, पण ती गाडीचा घात करते. शेतीच्या युरियाला २०१५ पासून कडुनिंबाच्या तेलाचे लेपन सक्तीचे आहे. ते तेल, गोणीतली घाण आणि पाण्यातला क्षार मिळून फवारणीचा इंजेक्टर बंद करतात, पंप जाम होतो, कॅटॅलिस्ट खराब होतो. मग कोड येतो नॉक्स सेन्सरचा किंवा पी-२०ईई, म्हणजे 'एससीआर नीट काम करत नाही'. गॅरेजवाला नॉक्स सेन्सर बदलतो. तो या सगळ्यातला महागडा सेन्सर. पुन्हा तोच कोड. शिवाय अनुदानाचे खत शेतीबाहेर वापरणे हा खत नियंत्रण आदेशाखाली गुन्हाच आहे.

नॉक्स सेन्सर बदलण्याआधी म्हणून तीन गोष्टी बघाव्यात : टाकीतले डीईएफ नवे आणि सीलबंद कॅनचे आहे का, इंजेक्टरच्या तोंडाशी पांढरे खडे जमलेत का, आणि सायलेन्सरच्या जोडातून धूर गळतो का. जोडातून बाहेरची हवा आत शिरली तरी सेन्सरचा हिशोब चुकतो. डीईएफ संपत आल्याचा इशारा आला की भरून घ्यावे. पूर्ण संपू दिले तर गाडी एकदा बंद केल्यावर पुन्हा सुरू न होण्याची व्यवस्था कंपनीनेच केलेली असते. ती मोलगीच्या पुढे डोंगरात बंद पडली तर काय, हे सांगायला नको.

जाळी काढून टाकली तर

आता त्या शेवटच्या सल्ल्याकडे. गाळणी आतून पोकळ करायची आणि कॉम्प्युटरचा प्रोग्राम बदलून सेन्सरचे तोंड बंद करायचे, हा धंदा मोठ्या शहरांत उघड चालतो. गाडी हलकी पळते, हे खरे आहे. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ प्रमाणे परवानगी नसलेला बदल केल्यास मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि प्रदूषणाचे नियम मोडल्यास कलम १९० (२) खाली दहा हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कंपनीची वॉरंटी जाते. विम्याच्या दाव्यातही अडचण येऊ शकते.

मग पकडले का जात नाहीत? याचे कारण तपासणीतच आहे. डिझेल गाडीच्या पीयूसीत पाईपात नळी घालून रेस देतात आणि धुराचा दाटपणा मोजतात. गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावत नाहीत, नॉक्स मोजत नाहीत. गाळणी काढलेली गाडी या चाचणीत अडकू शकते, पण नॉक्स सेन्सर फसवलेली गाडी आरामात प्रमाणपत्र घेऊन जाते. प्रामाणिकपणे सेन्सर दुरुस्त करणाऱ्या मालकाला याचा काही फायदा नाही, पळवाट शोधणाऱ्याला आहे. हा दोष मालकाचा नाही, व्यवस्थेचा आहे.

असा खेळ फक्त गल्लीतल्या गॅरेजांनीच केला असेही नाही. फोक्सवॅगनने डिझेल गाड्यांत चाचणी ओळखणारे सॉफ्टवेअर बसवल्याचे २०१५ मध्ये अमेरिकेत उघड झाले. पुण्याच्या एआरएआय संस्थेच्या तपासणीनंतर कंपनीने भारतात ३ लाख २३ हजारांहून अधिक गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर केले. राष्ट्रीय हरित लवादाने ७ मार्च २०१९ ला कंपनीला ५०० कोटींचा दंड ठोठावला, पुढे सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली. मोठी कंपनी वकील लावून वर्षानुवर्षे लढू शकते. एका पिकअपचा मालक आरटीओच्या एका चलनात गारद होतो.

आणि धुराचे काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. तो धूर सर्वात जास्त कोण ओढतो? स्टँडवर दिवसभर बसणारे चालक, क्लिनर, चहावाले, आणि मागच्या बाजूला लोंबकळत जाणारी शाळकरी पोरे.

फिटर शिकला तर

तालुक्याच्या ठिकाणी हातोडी-पान्यावर अख्खे इंजिन उघडून बांधणारे फिटर आहेत, त्यांच्या हातात जादू आहे. कमी आहे ती चालू आकडे दाखवणाऱ्या चांगल्या स्कॅनरची, मल्टिमीटरची आणि गाडीगाडीच्या वायरिंग नकाशांची. आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेल आणि मेकॅनिक मोटर व्हेईकल हे ट्रेड आहेतच. जिल्ह्यातल्या शासकीय आयटीआयनी जुन्या फिटरसाठी संध्याकाळचा आठ-दहा दिवसांचा वर्ग काढला, एक बीएस-६ इंजिन उघडून समोर ठेवले, तर शहादा, तळोदा, अक्कलकुवा, धडगावातल्या मालकांचे सुरत-नाशिकचे हेलपाटे बरेच कमी होतील. जिल्हा नियोजनात याहून कमी उपयोगाच्या गोष्टींवर पैसा जातो.

तोपर्यंत मालकाने एवढे करावे. सेन्सर बदलण्याआधी स्कॅनरच्या स्क्रीनचा फोटो मोबाईलमध्ये काढून घ्यावा, कोडसकट आणि चालू आकड्यांसकट. फिटरला विचारावे, "वायर मोजली का? नळी काढून बघितली का?" गाडी वॉरंटीत असेल तर बाहेर हात लावू देण्याआधी सर्व्हिस सेंटरला फोन करून धुराच्या यंत्रणेचे कोणते भाग वॉरंटीत बसतात ते विचारावे. आणि काढलेला जुना सेन्सर मागून घरी आणावा. पुढच्या वेळी दिवा तसाच लागला, तर दोष त्याचा नव्हता हे दाखवायला तो कामी येतो.